लाल झाकणाची कोरी बाटली

डोळे मिटा. मिटलेत? मग वाचणार कसं, असं विचारू नका. शेजारी बसलेल्या कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा. एक डोळा किलकिला ठेवून वाचणारेही मला ठाऊक आहेत, त्यांनाही आज माफ!

आता कल्पना करा, की तुम्ही एक बाटली आहात. बुटकी, पारदर्शक, लाल झाकणाची. तुमच्या पोटात काहीही नाही. रिकाम्या डब्यातसुद्धा काहीतरी असतंच, थोडी धूळ, एखादी मुंगी, गेल्या दिवाळीच्या चिवड्यातला एक शेंगदाणा. तुमच्या पोटात मात्र साधा एक जंतूसुद्धा नाही! कारखान्यात तुम्हाला निर्जंतुक करून, झाकण घट्ट पिळून, वर पिशवी घालून पाठवलंय. अख्ख्या नाशकात तुमच्याइतकं स्वच्छ कुणी नाही. आणि अशा तुम्ही एका संध्याकाळी आमच्या घरी आलात.

संपलं!

उघडा डोळे. आता माझी ओळख करून देतो. मी रंगनाथ निकम. चांदवडकडच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. आता नाशिकला मुलाकडे राहतो आणि दर शनिवारी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मुलांचा वर्ग भरवतो. फी नाही, उलट शेवटी शेंगदाण्याचा लाडू मिळतो, त्यामुळे हजेरी उत्तम असते. माझा सगळ्यात गाजलेला धडा दह्याचा. दोन वाट्या दूध घ्यायचं, दोन्हींत विरजण घालायचं, एक वाटी उबदार जागी ठेवायची, दुसरी फ्रिजमध्ये. सकाळी उबदार वाटीत दही आणि गार वाटीत दूधच! "जंतूंना ऊब मिळाली की त्यांची जत्रा भरते," हे माझं वाक्य आमच्या सोसायटीतलं शेंबडं पोरही म्हणून दाखवतं. तेव्हा जंतू या विषयात मला कुणी काही शिकवू शकेल, असं मला बिलकुल वाटत नव्हतं. या वाक्यातलं 'नव्हतं' लक्षात ठेवा.

तर झालं असं, की त्या हिवाळ्यात मी मुलांना नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला न्यायचं कबूल केलं होतं. निकिताने टोपी विकत घेतली. रुद्रने पक्ष्यांची चित्रं काढून घराच्या भिंती रंगवल्या आणि त्याबद्दल मारही खाल्ला. माझी नात चैताली पाचवीत आहे, तिने माझी जुनी दुर्बीण पुसून पुसून तिची काच झिजवायची बाकी ठेवली होती. आणि नेमका मला ताप येऊ लागला!

बारीक ताप. सोबत लघवीला जळजळ.

हो, लघवी. हसून घ्या. झालं हसून? अजून एकजण हसतोय, त्याचं होऊ दे. हं, पुढे.

आमच्या घरात कपाटावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं नसतात, उरलेल्या गोळ्या असतात. कुणाच्या खोकल्याच्या, कुणाच्या दाढेच्या, काही तर कशाच्या हे कुणालाच माहीत नसलेल्या. मी त्यातल्या दोन-चार घेतल्या. ताप गेला. सहल ठरवली, ताप आला. पुन्हा डबा काढला, ताप गेला, सहल ठरली, आणि ताप दारात हजर! जणू त्यालाही पक्षी बघायचे होते.

माझा मुलगा योगेश वैतागला. "बाबा, ताप पुरता गेल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. सहलही नाही आणि बिहलही नाही."

"अरे, पण उन्हाळा लागला की पक्षी परत जातील!"

"जाऊ देत. ते पुढच्या वर्षी येतील. तुम्ही धडधाकट असायला हवं ना त्यांना भेटायला!"

चैतालीने दुर्बीण तिच्या खोक्यात ठेवली आणि खोक्याला दोरी बांधली. ती दोरी बघून मला डॉक्टरांकडे जायची बुद्धी झाली.

आमच्या डॉक्टर मोहिनी म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसायची. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "सर, दोनदा अंदाजाने गोळ्या खाल्ल्यात. आता अंदाज बंद. कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला मरतो, हे आधी लॅबमधून कळू दे. ताप बारीक आहे तोवर थांबता येईल. पण थंडी वाजून ताप चढला, तर तडक इकडे."

मग तिने ती लाल झाकणाची बाटली दिली आणि समजावलं. सकाळची लघवी. आधी नीट स्वच्छता करायची. सुरुवातीची थोडी सोडून द्यायची, मधली धार बाटलीत घ्यायची. झाकण ऐन वेळी उघडायचं, आत बोट लावायचं नाही, आणि बाटली लगेच लॅबमध्ये पोचवायची.

"लक्षात राहील ना, सर?"

"मोहिनी, तू मला सांगतेस? जंतूंचा धडा तुला शिकवला कुणी?"

"तुम्हीच, सर," ती म्हणाली. "म्हणून तर काळजी वाटते."

सकाळी उठलो तर बाटली जागेवर नाही! शोधता शोधता देव्हाऱ्यात सापडली. गणपतीच्या शेजारी, आणि लाल झाकणावर हळदीकुंकवाची दोन बोटं!

"अगं, हे काय?"

"नवी वस्तू आहे," माझी पत्नी लता स्वयंपाकघरातून म्हणाली. "देवापुढे ठेवली रात्रभर. चांगला रिपोर्ट येऊ दे, म्हटलं."

मी हसलो. झाकणावर बाहेरून कुंकू लावल्याने आतल्या विज्ञानाला काय धक्का लागणार? मी सगळं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. ऐन वेळी झाकण उघडलं. मधली धार. बोट नाही. परीक्षेत पैकीच्या पैकी! बाटली पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि निघालो. मागे चैताली बसली होती, तिला शाळेत सोडायचं होतं.

आता नाशिकच्या माणसाला थंडीच्या सकाळी लॅबकडे जाताना वाटेत काय लागतं? मिसळ लागते! रस्सा उकळतोय, वाफ अंगावर येतेय, पातेल्यावर लाल तर्री तरंगतेय. मी स्कूटर थांबवली असं म्हणणं चूक ठरेल. ती थांबली.

"आजोबा, लॅब?" चैताली म्हणाली.

"पाच मिनिटं गं. लॅब काय पळून जातेय?"

एक प्लेट झाली. वर जादा रस्सा झाला. शेजारच्या टेबलावर एक द्राक्षबागायतदार थंडीने मणी कसे तडकतात ते सांगत होते, त्यांना मणी का तडकतात हे विज्ञानाच्या अंगाने समजावून सांगणं माझं कर्तव्यच होतं. त्यांना ते आधीपासून माहीत होतं, त्यामुळे वेळ जरा जास्त लागला. निघताना लतासाठी एक पार्सल घेतलं. कढत रश्श्याची पिशवी डिकीत ठेवली, बाटलीला खेटून. चैतालीला शाळेत सोडलं, तिथे तिच्या बाई भेटल्या. बाईंशी बोलल्याशिवाय जाणारा मास्तर मी अजून पाहिलेला नाही.

लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलीने बाटली हातात घेतली आणि नाक मुरडलं.

"आजोबा, कधीची आहे?"

"आत्ताची!"

"आत्ताची म्हणजे?"

"म्हणजे आजची!"

"आणि याला मसाल्याचा वास का येतोय?"

"बाळ, तू तपासणी कर. वासाचा रिपोर्ट मागितलेला नाही."

दोन-तीन दिवसांनी योगेशच्या फोनवर रिपोर्ट आला. चष्मा लावून मोठ्याने वाचला. तीन प्रकारच्या जंतूंची मिश्र वाढ! खाली आणखी काहीतरी बारीक अक्षरात होतं, पण 'तीन' वाचल्यावर माणूस बारीक अक्षरं कशाला वाचेल?

"तीन!" मी म्हणालो. "लोकांना एक-एक असतो. मला तीन!"

"सगळ्यात जास्त तुम्हालाच लागतं," लता म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरला होता. तिने लगेच चांदवडला धाकट्या भावाला, सहादूला फोन लावला. "सहादू, तुझ्या दाजींच्या पोटात तीन जंतू निघाले रे!" फोनमधून सहादूचा आवाज अख्ख्या घराला ऐकू आला, "मोठाले हाएत का बारकाले?"

संध्याकाळी आम्ही तिघं डॉक्टर मोहिनीपुढे बसलो. मी, लता आणि हट्टाने आलेली चैताली. माझ्या डोळ्यांपुढे मृत्युपत्र तरळत होतं. दुर्बीण चैतालीला, गच्ची मुलांना, डबा सहादूला.

मोहिनीने रिपोर्ट वाचला, बारीक अक्षरांसकट. "सर, हे जंतू तुमचे नाहीत."

"मग कुणाचे?"

"तेच शोधूया. इथे लिहिलंय, नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळलेले दिसतात, पुन्हा पाठवा. बाटली कधी उघडली होती?"

"ऐन वेळी! अगदी तू सांगितल्याप्रमाणे—"

"मी उघडली की आदल्या संध्याकाळी," लता अभिमानाने म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"असं काय बघता? बाजारातून आलेलं कोरं भांडं न घासता आपल्या घरात कधी वापरलंय? कुणाकुणाचे हात लागलेले असतात! आणि हे तर डॉक्टरांकडे जाणारं. लोक काय म्हणतील, मास्तरांच्या घरची बाटली कळकट?"

मोहिनीने ओठ दाबून धरले. "काकू, कशाने घासली?"

"आधी साबणाने. मग चिंचेने."

"प्लास्टिकला चिंच?"

"हाताला सवय हो. मग दोन पाण्यांतून काढली, आतून बाहेरून कोरडी केली, मग देवापुढे ठेवली."

"कोरडी कशाने केली?"

"पदराने. चांगला स्वच्छ पदर होता! नुसत्या भाकरी थापून झाल्या होत्या."

आता मात्र मोहिनीला हसू आवरेना. ती तोंडावर हात धरून म्हणाली, "काकू, ती बाटली तुमच्या घरातल्या सगळ्या भांड्यांपेक्षा स्वच्छ होती. तुम्ही ती घासून मळवलीत!"

लताला हे काही पटलं नाही. घासल्याने वस्तू मळते, हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी मात्र खुर्चीत ताठ झालो. तिन्ही जंतू पदराचे! मी साफ निर्दोष! "बघितलंस?" मी म्हणालो. "मी इतकी काळजी घेतली, आणि—"

"आजोबा, मिसळ," चैताली म्हणाली.

"कसली मिसळ?"

"डिकीतली. गरम रस्सा बाटलीला चिकटून होता. आणि तुम्ही माझ्या बाईंशी बोलत होतात, प्रार्थना संपून पहिला तास सुरू झाला तरी. उबदार जागी दही लवकर लागतं, असं तुम्हीच म्हणता."

बाहेर कुणीतरी खोकलं.

"मिसळ, सर?" मोहिनी हळूच म्हणाली. "तापात?"

"एकच प्लेट," मी म्हणालो.

"वर जादा रस्सा," चैताली म्हणाली.

माझ्या वर्गात कुणी चुकलं की मी म्हणायचो, 'उत्तर चुकलं तर आधी गणित नीट उतरवून घेतलंय का ते बघ.' मोहिनीने तेच वाक्य मला परत केलं, व्याजासकट! "सर, लॅब खोटं बोललेली नाही. बाटलीत जे होतं तेच तिने सांगितलं. पदर पाठवला, पदराचा रिपोर्ट आला. आता तुमचा पाठवा."

दुसरी बाटली मिळाली. ती चैतालीने ताब्यात घेतली आणि आपल्या दप्तराच्या कप्प्यात ठेवून पिशवीवर वहीचा कागद चिकटवला, 'हात लावू नये. आजीनेसुद्धा.' घरी गेल्यावर लता तो कागद वाचून रुसली, आणि रुसलेल्या बाईच्या हातची भाजी कशी लागते ते मी इथे सांगत नाही. कारण भाजी झालीच नाही.

तेवढ्यात जीप वाजली. सहादू! कांद्याची गोणी खांद्यावर, चेहऱ्यावर काळजी, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकू लागलं.

"काय दाजी! तीन-तीन जंतू आन् तुम्ही बसून ऱ्हायले व्हय?"

"अरे, ते जंतू माझे नव्हते. तुझ्या बहिणीच्या पदराचे होते."

"आक्काच्या पदराला नाव ठेवू नका, दाजी," सहादू गंभीर झाला. मग त्याने सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. "ह्या घ्या. मला मागल्या साली असाच ताप व्हता. ह्या गोळीनं दुसऱ्या दिवशी शेतात हुभा! दोन उरल्या व्हत्या, तुमच्यासाठी जपून ठेवल्या."

"माझ्यासाठी? मागच्या वर्षीपासून?"

"म्हंजे कुनासाठी तरी."

आता तुम्ही म्हणाल, इतकं सगळं झाल्यावर शहाण्या माणसाने नाही म्हणायला हवं होतं. बरोबर आहे. पण चांदवडहून माणूस जीप पिटाळत येतो, कांदे आणतो, जपून ठेवलेली गोळी पुढे करतो, आणि ती नाकारायची? मेहुण्याने आणलेला पेढा आणि मेहुण्याने आणलेली गोळी, दोन्ही खाल्ल्याशिवाय त्याचा घास घशाखाली उतरत नाही! चैताली आतल्या खोलीत गृहपाठ करत होती. मी एक गोळी तिथेच गिळली.

"दुसरी सकाळी," सहादू म्हणाला. "च्यासंगं."

ती सकाळी चहाबरोबर घेतली, आणि त्यानंतर नमुना दिला. विज्ञानाचा मास्तर मी, पण त्या क्षणी माझं डोकं कसं चाललं ऐका! गोळी गेली पोटात, नमुना गेला बाटलीत, दोघांचा संबंध काय?

बाकी सगळं चोख झालं. बाटली कुणी घासली नाही, वाटेत मिसळ लागली तरी मी मान वळवली नाही. लॅबच्या मुलीने बाटलीचा वास घेऊन बघितला आणि समाधानाने मान डोलावली.

रिपोर्ट आला. जंतूंची वाढ नाही!

"नाही म्हणजे नाही!" मी ओरडलो. "तीन होते, शून्य झाले!" योगेशला फोन करून सहलीची परवानगी घेतली, पेढे आणले, सोसायटीभर वाटले. रिपोर्टसाठी मुक्काम ठोकून बसलेल्या सहादूला तर चार पेढे, औषध त्याचं! डॉक्टरांना मात्र फोन करायचा राहिला. जंतूच नाहीत म्हटल्यावर बिचारीचा वेळ कशाला घ्यायचा?

संध्याकाळी गच्चीवर खास वर्ग भरवला. मुलं पेढे चाटत मांडी घालून बसली. चैतालीने खोक्याची दोरी सोडून दुर्बीण गळ्यात अडकवली होती. मी उभा राहून सांगू लागलो, "मुलांनो, परवा पहाटे आपण निघणार. पाण्यात रोहित पक्षी दिसतील, चक्रवाक दिसतील. आणि एक बदक असतं, त्याची चोच असते चमच्यासारखी. ती पाण्यात ठेवून ते अशी अशी... अशी अ-अ-अशी..."

माझे दात वाजू लागले. कडकडकडकड!

मुलं चकित झाली. "आजोबा, हा कोणता पक्षी?" रुद्रने विचारलं.

"थ-थ-थ-थापट्या," मी म्हणालो. तोच सांगत होतो ना!

"थापट्या असा ओरडतो!" रुद्र आनंदाने उठला आणि त्याने दात वाजवले. निकिताने वाजवले. पाहता पाहता सगळी गच्ची कडकड वाजू लागली. मी हाताने 'थांबा, थांबा' सांगत होतो, हात थडथड उडत होते, आणि मुलांना वाटलं तो थापट्या पंखही फडफडवतो! सगळी पोरं पंख फडफडवत माझ्याभोवती फिरू लागली. मी टाकीला टेकलो. एकटी चैताली जागेवरून उठून माझ्याजवळ आली, टाचा उंच करून माझ्या कपाळाला हात लावला, आणि जिन्याकडे पळत सुटली.

"आजीऽऽ! हा पक्षी नाहीये! हा ताप आहे!"

सहादूने जीप काढली. मोहिनीने मला तपासलं, कमरेत दुखतंय का विचारलं, मग रिपोर्ट हातात घेतला.

"हा कधी आला?"

"आज सकाळी. मी बरा झालो होतो," मी ब्लँकेटमधून म्हणालो.

"सर, नमुना द्यायच्या आधी काही औषध घेतलं होतं?"

"छे! काही नाही."

"दिली की मी!" सहादू दारातून उत्साहाने म्हणाला. "दोन! एक सांजच्याला, एक सकाळी च्यासंगं. आमच्या दाजींनी नाय म्हनून नाय म्हटलं."

मोहिनीने हातातलं पेन खाली ठेवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शिकवू लागली. "मामा, वर्गात पोरं दंगा करतायत आणि सर दारात आले, तर काय होतं?"

"गपगार बसत्यात."

"म्हणजे ती पोरं गेली का?"

"जात्यात कुठं! सर वळले की फिरून दंगा."

"तुमच्या दोन गोळ्या म्हणजे दारात डोकावलेले सर. जंतू मेले नाहीत, नुसते दबून बसले. नेमका त्याच वेळी नमुना गेला, म्हणून लॅबला कुणी दिसलं नाही. चांगला दिसणारा प्रत्येक रिपोर्ट खरा नसतो, सर. आणि ताप असताना आलेला असा रिपोर्ट तर आधी मला दाखवायचा असतो, पेढेवाल्याला नाही!"

सहादूचा चेहरा पडला. "म्हंजे माझ्यापायी वाढलं व्हय?" मला त्याची दया आली. "तुझ्यापायी नाही रे," मी म्हणालो. "गिळली मी." एवढं मात्र खरं बोललो.

आता थांबण्यासारखं राहिलं नव्हतं. "नमुना आत्ताच घेऊ, आणि नमुना दिल्याबरोबर औषध सुरू," मोहिनी म्हणाली. "रिपोर्ट आला की त्याप्रमाणे औषध ठेवायचं की बदलायचं ते बघू. मामांनी दिलेल्या गोळ्यांचं मी लॅबला लिहून कळवते." तिसरी लाल झाकणाची बाटली आली. दवाखान्यातच नमुना दिला. चैतालीने तो पिशवीसकट दोन्ही हातांत धरला, घरट्यातून खाली पडलेलं अंडं धरावं तसा, आणि सहादूच्या जीपमध्ये पुढे बसली. मला मागे टाकलं होतं. वाटेत तर्रीचा वास आला. सहादूचा पाय ब्रेकवर गेला असावा, कारण जीप जराशी हळू झाली. चैतालीने मान वळवून आधी मामाआजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. नुसतं बघितलं! जीप सुसाट निघाली.

यावेळच्या रिपोर्टात तीन नव्हते आणि शून्यही नव्हते. एक होता. एकटाच, नावागावासकट, आणि खाली तो कोणत्या औषधांना मरतो आणि कोणत्यांना जुमानत नाही तेही लिहिलं होतं. मी डब्यातून खाल्लेल्या दोन-तीन गोळ्या न जुमानण्याच्या बाजूला होत्या! मोहिनीने औषध बदलून दिलं आणि बजावलं, "पट्टी पूर्ण संपवायची. बरं वाटलं तरी. शेवटच्या गोळीपर्यंत."

चार दिवसांत मी टुणटुणीत झालो. ताप गेला, जळजळ गेली, लताचा रुसवाही गेला. फक्त कोऱ्या बाटलीचं तिला अजून पटलेलं नाही, ती म्हणते, "तो कारखानावाला घासत असेल, पण मी काही बघायला गेले नव्हते." योगेशने स्वतः गाडी ठरवली आणि थंडी सरायच्या आत आम्ही सगळे नांदूरमध्यमेश्वरला पोचलो.

काय सांगू! पाणी आरशासारखं, कडेला धुकं, आणि लांबवर गुलाबी रोहितांची रांग, जणू पाण्याने ओठ रंगवलेत! मुलं मनोऱ्यावर श्वास रोखून उभी होती. दुर्बीण एकच, म्हणून प्रत्येकाने पाळीपाळीने बघायचं, आणि चैतालीने आपली पाळी शेवटी घेतली होती.

मी कडेला उभा राहून ऊन खात होतो. पट्टीत अजून थोड्या गोळ्या होत्या. पण बघा, एवढं छान वाटत असताना औषध कशाला वाया घालवायचं? चांगली महागाची गोळी, यावेळी तर लॅबने नावानिशी सांगितलेली! पुढे कधी गरज पडली तर? सहादूला पडली तर? म्हणून निघण्याआधी मी ती पट्टी हळूच कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकली होती. कुणीही बघितलं नव्हतं.

चैतालीची पाळी आली. तिने दुर्बीण हातात घेतली, पण डोळ्यांना लावली नाही. ती माझ्याकडे आली, स्वेटरच्या खिशात हात घातला आणि गोळ्यांची ती पट्टी बाहेर काढली.

"आ करा, आजोबा."

"अगं, आत्ता? ते बघ, रोहित उडतील!"

"उडू देत."

सगळी मुलं वळून बघू लागली. मी घरट्यातल्या पिल्लासारखा आ केला. तिने गोळी टाकली, पाण्याची बाटली दिली.

"गिळली?"

"गिळली."

"खरंच?"

"चैताली! तुझा आजोबा मास्तर आहे. मास्तर कधी खोटं बोलेल का?"

तिने क्षणभर विचार केला. मग मागे पाण्यावरून रोहितांचा थवा एकदम उडाला, सगळी मुलं "ओऽऽ!" करून तिकडे धावली, आणि चैतालीने दुर्बीण वर उचलली, डोळ्यांना लावली, काच फिरवून नीट नेम धरला, आणि ती सरळ माझ्या तोंडावर रोखली.

"जीभ वर करा," ती म्हणाली.